उत्तरांचा रकाना

शिक्षणसेवक म्हणून मला जी शाळा मिळाली ती आरमोरीहून बसने पाऊण तास आत होती. शाळेच्या मागे वसतिगृह, पुढे धानाच्या बांध्या, आणि बांध्या संपल्या की लगेच जंगल. माझं गाव नागभीड, वडील रेल्वेत. घरून रोज येणं-जाणं शक्य नव्हतं म्हणून आरमोरीत एक खोली घेतली होती. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची, आणि मुख्याध्यापकांनी अहवाल चांगला दिला तर मग कायम. त्या तीन वर्षांत मी प्रत्येकाचा चेहरा बघून बोलायला शिकले. ही सवय पुढे फार महागात पडली. मला नाही, दुसऱ्या कोणाला तरी.

मी विज्ञान शिकवायची. पहिल्या वर्षी चाचणीच्या प्रश्नपत्रिका बाहेरून छापील यायच्या. आठवीच्या पहिल्याच चाचणीत एक प्रश्न होता, 'पुढीलपैकी कोणती वस्तू तुमच्या घरात विजेवर चालत नाही?' पर्याय होते फ्रीज, मिक्सर, इस्त्री आणि गॅसची शेगडी. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी पेन्सिल हातात धरून तशीच बसलेली. आतल्या गोंड पाड्यावरची, वसतिगृहात राहणारी, वर्गात पहिली येणारी. मी जवळ गेले तर हळूच म्हणाली, "बाई, आमच्या घरी यातलं काईच नाई. मंग कोणाले गोल करू?"

मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक 'शेगडीला कर' म्हटलं असेल. पण त्या आठवड्यात मी स्वतः प्रश्न लिहायला बसले. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर, धड्याधड्याचे, चार पर्यायांचे. मुलांच्या ओळखीच्या वस्तू घालून. आणि ती पानं घेऊन शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, आरमोरीच्या बाजाराजवळच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेले.

तिथले मालक साठीचे मुसलमान गृहस्थ होते. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं. तालुक्यातल्या निम्म्या शाळांच्या प्रश्नपत्रिकांच्या स्टेन्सिल त्यांनी कापलेल्या. घरात हिंदी बोलायचे, पण त्यांचं मराठी शुद्धलेखन आमच्या शाळेतल्या कुठल्याही शिक्षकापेक्षा पक्कं होतं. माझं पान वाचून त्यांनी चष्मा वर केला.

"बाई, 'उष्णते'तला ण तुमी न करून ठेवला. अन् हा सातवा प्रश्न तुमी मांगच्या पानावर बी लिहिला आहे."

मी ओशाळले. तेवढ्यात मागून कोणीतरी हसलं. टाइपरायटरच्या रांगेपलीकडे, खिडकीखाली, प्लॅस्टिकचं कव्हर अर्धं काढलेला एक कॉम्प्युटर होता आणि त्याच्यासमोर माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी एक बाई बसली होती. डोक्यावरची ओढणी सावरत म्हणाली, "कागदावर लिहिशील तर दोनदाच काय, चारदा बी लिहिशील. इकडे आण."

ही भाऊंची थोरली मुलगी. तिला सगळे आपा म्हणायचे, मग मीही म्हणू लागले. लग्न होऊन गेलेली, तीन वर्षांनी परत आलेली. का परत आली ते कोणी विचारत नसे, मीही विचारलं नाही. परतल्यावर नागपूरला मावशीकडे राहून ती कॉम्प्युटर शिकली आणि तिच्या हट्टापायी भाऊंनी ते यंत्र आणलं. पोरं यायची ती टायपिंग शिकायला. कॉम्प्युटरचं करायचं काय हे गावात अजून कोणाला ठरवता आलं नव्हतं. आपाला मात्र त्या दुपारी ठरवता आलं.

तिने एक्सेल उघडलं. पडद्यावर रकाने आणि ओळी. "हे बघ, एका ओळीत एक प्रश्न. या रकान्यात इयत्ता, या रकान्यात धडा, मंग प्रश्न, मंग चार पर्याय. उत्तर पार तिकडे, उजवीकडे."

"इतकं दूर कशाला?"

"इथी पोरं येऊन उभी राहतात ना मांग. उत्तर पडद्यावर दिसलं नाई पाहिजे."

तेव्हा मला तो तिचा शहाणपणा वाटला, आणि शहाणपणाच होता तो.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं, माझी प्रत्येक शनिवारची दुपार आणि पुष्कळसे रविवार त्या खिडकीखाली गेले. वीज असेल तोवर काम. वीज गेली की यूपीएस टीटी करायला लागायचं, आपा घाईघाईने सगळं साठवून कॉम्प्युटर बंद करायची आणि आम्ही मागच्या अंगणात जाऊन चहा प्यायचो. खरं सांगायचं तर वीज जावी असंही मला कधी कधी वाटायचं.

काम सोपं नव्हतं. तेव्हाच्या मराठी अक्षरांचा एक घोळ होता. पडद्यावर मराठी अक्षर दिसायचं, पण कॉम्प्युटरच्या पोटात ते भलतंच कुठलं तरी इंग्रजी अक्षर असायचं. त्यामुळे धड्यांची नावं अकारविल्हे लावायला सांगितली की तो ती वाटेल त्या क्रमाने फेकायचा. दोन शनिवार आम्ही त्याच्याशी झगडलो. शेवटी आपा म्हणाली, "नाव सोड. आकडे तर त्याले समजतात." आणि तिने प्रत्येक धड्याला, प्रत्येक प्रश्नाला आकडा दिला. सोप्या प्रश्नाला एक, मधल्याला दोन, कठीणाला तीन. मग काय, आठवीचा चौथा धडा, सोपे दहा, कठीण पाच, असं म्हटलं की दोन मिनिटांत प्रश्नपत्रिका तयार. मला जादू वाटायची. छापून निघालेलं पान गरम असायचं, ते मी गालाला लावून बघायची. आपा म्हणायची, "पागल आहेस का व?"

तिने विज्ञान बारावीनंतर सोडलेलं. पण प्रश्न कसा असावा हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी नवा प्रश्न वाचून दाखवायची, ती नुसते पर्याय ऐकून उत्तर सांगायची. दहातले सात-आठ बरोबर.

"तुला हा धडा येतो?"

"धडा नाई येत. तू येतेस. खरं उत्तर तू लांब लिहितेस, खोटं आखूड. पोरं शिकली नाई तरी पास होतील अशानं."

मी चिडून सगळे पर्याय पुन्हा लिहायची, सारख्या लांबीचे. ती पुन्हा ऐकायची. जेव्हा तिचा अंदाज चुकायचा तेव्हा ती खूश व्हायची आणि तो प्रश्न आम्ही पत्रकात घालायचो. भाऊ टाइपरायटरच्या रांगेतून फिरता फिरता आमचं ऐकायचे आणि अधूनमधून एखादा ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून जायचे.

चाचणी झाली की कुठल्या प्रश्नाला किती मुलं चुकली ते मी आकड्यांत भरायची. आपाने त्याच्या शेजारी आणखी एक रकाना काढला आणि वर लिहिलं, 'काऊन'. म्हणजे का चुकली ते तिथे लिहायचं. मला हसू आलं, पण तो रकाना भरताना मी शिकवायला शिकले. एक प्रश्न होता, रेशमाचा किडा कोणत्या झाडाच्या पानांवर वाढतो? पुस्तकाप्रमाणे उत्तर तुती. अर्ध्याहून जास्त वर्गाने 'ऐन' लिहिलं होतं. मी सगळ्यांना चूक दिली आणि आपाला सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"अगं, ही पोरं कोशाची राखण करतात. त्यांच्या बापानं ऐनावरच किडे वाढवले. इथं आरमोरीत घरोघरी त्याच कोशाचं रेशीम विणतात. तुती कोणी पाह्यली आहे इथी?"

'काऊन'च्या रकान्यात तिने स्वतः लिहिलं, 'पोरं बरोबर, प्रश्न अपुरा.' मी सोमवारी वर्गात जाऊन सगळ्यांना गुण वाढवून दिले. दुसऱ्या बाकावरच्या त्या मुलीने विचारलं, "बाई, मंग पुस्तक चुकलं का?" मी म्हटलं, पुस्तक दुसऱ्या गावचं आहे. वर्ग हसला. ती हसली नाही, तिने ते वहीत लिहून घेतलं.

आपाला शिक्षिका व्हायचं होतं. हे तिने एकदाच सांगितलं, ईदच्या दुसऱ्या दिवशी, मला शीरखुर्म्याची वाटी देताना. डी.एड.ला नंबर लागलेला, पण तेव्हाच लग्न ठरलं. "एक डाव वर्गात उभं राहून पाहाचं होतं," एवढंच म्हणाली आणि वाटी रिकामी झाली का ते बघू लागली.

म्हणून शाळेत दोन कॉम्प्युटर आले आणि ते शिकवायला माणूस नाही म्हणून खोक्यातच पडून राहिले, तेव्हा मी मुख्याध्यापकांकडे आपाचं नाव काढलं. मोठ्या धीराने. त्यांना आमच्या प्रश्नपत्रिका आवडायच्या. तालुक्याच्या बैठकीत ते त्या दाखवायचे. ते म्हणाले, "येऊ द्या. जूनपासून आठवड्यातून दोन दिवस. वार्षिक होऊन जाऊ द्या एकदा." मी आपाला सांगितलं. पुढच्या शनिवारी गेले तर तिने कॉम्प्युटरच्या पहिल्या धड्याचे वीस प्रश्न लिहून ठेवले होते.

ते माझं दुसरं वर्ष. मार्च लागला होता. नववीची सराव चाचणी घ्यायची होती. शेजारी बसणारी मुलं एकमेकांचं बघून लिहितात म्हणून मुख्याध्यापकांनी दोन संच मागितले, प्रश्न तेच पण क्रम वेगळा. आपा त्या रविवारी गडचिरोलीला एका लग्नाला गेली होती. तिने मला क्रम कसा बदलायचा ते आधी दाखवलं होतं, म्हणून मी भाऊंना विचारून एकटीच कॉम्प्युटरवर बसले. प्रश्नांचा आणि पर्यायांचा भाग माऊसने ओढून निवडला, क्रम बदलला, 'ब' संच छापला. मग त्याच्या उत्तरांची यादी छापली. सगळं अर्ध्या तासात झालं. माझं मलाच कौतुक वाटलं.

उत्तरांचा रकाना उजवीकडे, पडद्याबाहेर होता. तो निवडायचा राहिला. प्रश्न वरखाली झाले, उत्तरं जागच्या जागी राहिली.

सोमवारी चाचणी झाली आणि मंगळवारी मी चार दिवसांच्या प्रशिक्षणाला गडचिरोलीला गेले. पेपर दुसऱ्या शिक्षकांनी उत्तरांची यादी समोर ठेवून तपासले. शुक्रवारी प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापकांनी निकाल वाचून दाखवला. दुसऱ्या बाकावरच्या त्या मुलीला पंचवीसपैकी चार.

हे सगळं मला शनिवारी शाळेत परतल्यावर कळलं. मुलींनी सांगितलं की ती रांगेतून पुढे आली आणि म्हणाली, "सर, माही उत्तरं बरोबर आहेत." तपासणारे शिक्षक वाईट नव्हते, पण त्या दिवशी चिडलेले होते. ते म्हणाले, "यादी कॉम्प्युटरवरून निघाली आहे. कॉम्प्युटर खोटं बोलते का?" सगळे हसले. ती परत रांगेत गेली. दुपारी तिने वसतिगृहातली आपली पेटी बांधली आणि आतल्या बसने घरी निघून गेली. कोणाला सांगितलं नाही.

मी गठ्ठा उघडला. 'अ' संचाची मुलं ठीक होती. 'ब' संचाचं सगळ्यांचंच पानिपत झालं होतं. दहा मिनिटांत कळलं. मुख्याध्यापकांकडे गेले आणि म्हटलं, "सर, 'ब' संचाच्या उत्तरांची यादी चुकली आहे."

त्यांनी मान वर केली. "म्हणजे? तुमच्या त्या आपांनी चुकीची काढून दिली?"

तिथे मी 'नाही' म्हणायला हवं होतं. एकच शब्द. माझ्या डोक्यात अहवाल आला, कायम होणं आलं, वडिलांचं रिटायर होणं आलं. मी म्हटलं, "कॉम्प्युटरवर घोळ झाला, सर."

त्यांनी सोमवारी आपाला शाळेत बोलावलं. ती भाऊंबरोबर आली. निळी सलवार, इस्त्री केलेली. शाळेत ती पहिल्यांदाच येत होती. ऑफिसात मी कपाटाजवळ उभी होते. मुख्याध्यापकांनी दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले. तिने ते पाहिले, फार तर अर्धा मिनिट. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चूक माही आहे, सर. क्रम बदलताना उत्तरांचा रकाना सुटला."

"एवढ्या मुलांचे गुण गेले, बाई."

"हो सर. माफ करा."

भाऊ काही बोलायला गेले, तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. मी फरशीकडे बघत होते. मुख्याध्यापक म्हणाले की पेपर पुन्हा तपासून होतील, पण पुढे प्रश्नपत्रिकांचं काम इन्स्टिट्यूटकडे द्यायला नको. आणि जूनचं जे बोलणं झालं होतं ते राहू द्या. ती "बरं" म्हणाली. जाताना व्हरांड्यात ती नववीच्या वर्गापाशी क्षणभर थांबली, दारातून आत बघितलं. वर्ग रिकामा होता, मुलं मैदानात होती. मग ती भाऊंबरोबर बसकडे गेली.

पेपर पुन्हा तपासले. त्या मुलीला तेवीस मिळाले. पण ती परत आली नव्हती. मी ठरवलं, रविवारी तिच्या पाड्यावर जायचं. शनिवारी आपाकडे जायचा धीर नव्हता, तरी गेले, कारण दुसरं जायला ठिकाण नव्हतं. ती नेहमीसारखी खिडकीखाली बसलेली. मी म्हटलं, उद्या तिला आणायला जाते.

"मी बी येतो," ती म्हणाली. तिकडे बायकाही येतो-जातोच म्हणतात.

सकाळच्या पहिल्या बसने आम्ही निघालो. फाट्यावर उतरून पुढे तास-दीड तासाची पायवाट. मोहफुलांचे दिवस होते. रानभर तो जड, गोड वास. झाडांखालची पानं जाळून जमीन साफ केलेली आणि काळ्या जमिनीवर पिवळट फुलं. बायका-पोरं टोपल्या घेऊन वेचत होती. अर्धी वाट संपली. मग मी थांबले आणि म्हटलं, "आपा, ते मी केलं होतं."

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "कागद पाहताच समजलं. लग्नाला गेली होती ना मी."

"मग का घेतलंस अंगावर?"

"तुही नोकरी कच्ची आहे. माहं काय, माहं तर काईच नव्हतं."

"जूनपासून होतं की."

ती पुढे चालायला लागली होती. वळून म्हणाली, "चल. ऊन चढून राह्यलं." त्या विषयावर आम्ही नंतर कधीही बोललो नाही. मला वाटतं तिने मला शिव्या घातल्या असत्या तर मी तिची आठवण अशी आयुष्यभर काढत बसले नसते.

मुलगी घरापाशी नव्हती, आईबरोबर मोहाखाली होती. आम्हाला बघून उभी राहिली, टोपली खाली ठेवली नाही. आईला मराठी फारसं येत नव्हतं. 'येर', म्हणजे पाणी, असं म्हणत तिने आम्हाला वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी दिलं. मी मुलीचा पेपर पिशवीतून काढून तिला दाखवला. तेवीस. लाल शाईने आधीचे चार खोडलेले. तिने पेपर हातात घेतला आणि एकेक प्रश्न बघू लागली.

"मी म्हटलं होतं बरोबर आहे," ती म्हणाली.

"हो. तू बरोबर होतीस. मी चुकले."

"सर म्हणे कॉम्प्युटर खोटं नाई बोलत."

यावर आपा तिच्यासमोर जमिनीवर बसली. "त्याले खोटं-खरं काई समजत नाई, पोरी. त्याले जे सांगलं तेच तो सांगते. समज, तू या दहा टोपल्यांच्या जागा बदलवल्या, पण कोणती टोपली कोणाची ते लिहिलेली चिठ्ठी जागीच ठेवली. मंग काय होईल?"

मुलीने विचार केला. "माही टोपली दुसऱ्याची होईल."

"बस. तेच झालं."

आजूबाजूची चार-पाच पोरं जमली. आपाने खरंच टोपल्या मागवल्या. पानांच्या चिठ्ठ्या केल्या, एकेका टोपलीपुढे ठेवल्या आणि पोरांना जागा बदलायला लावल्या. चिठ्ठ्यांसकट, मग चिठ्ठ्यांशिवाय. तिने पदरासारखी ओढणी कमरेला खोचली होती, हातवारे करत ती एकीकडून दुसरीकडे जात होती, चुकणाऱ्याला "काऊन, काऊन" विचारत होती, आणि पोरं ओरडून उत्तरं देत होती, काही मराठीत, काही गोंडीत. ती दुभाष्याचं काम त्या मुलीकडून करून घेत होती. तास कसा गेला कळलं नाही. मी एका मुळावर बसून बघत होते. इतकी वर्षं मी शिकवते आहे, प्रशिक्षणांत कितीतरी चांगले पाठ बघितले, पण तसा वर्ग मी पुन्हा पाहिला नाही.

मुलगी त्या दिवशी आमच्याबरोबर आली नाही. मोह पडायचा थांबला की येते म्हणाली, आणि आली. दहावीला ती केंद्रात दुसरी आली. पुढे पुष्कळ वर्षांनी गडचिरोलीच्या बसस्टँडवर खाकी गणवेशातल्या एका वनरक्षक बाईने मला वाकून नमस्कार केला, ती तीच. तिने आधी आपाचीच चौकशी केली. "त्या टोपलीवाल्या बाई कुठी आहेत?" मला सांगता आलं नाही.

कारण त्या चाचणीच्याच वर्षी, दिवाळीच्या सुमारास, आपाचं दुसरं लग्न झालं. सिरोंच्याच्या पुढे, नदीपलीकडच्या एका तेलुगू गावात. माणूस विधुर, किराण्याचं दुकान. भाऊ मला म्हणाले, "चांगला माणूस आहे, बाई. समजदार आहे." मी लग्नाला गेले. निघताना तिने माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. मी कायम झाले तेव्हा ती सासरी गेलेली होती. मुख्याध्यापकांना खरं काय ते मी तेव्हाही सांगितलं नाही. ते पुढे रिटायर झाले, मग वारले. आता सांगायला कोणी उरलं नाही.

तिची दोन पत्रं आली. पहिल्यात सगळं बरं आहे, इथे भात आपल्यासारखाच पण तिखट फार, असं होतं. दुसऱ्यात होतं की शेजारची पोरं दुपारी दुकानात येऊन बसतात. 'मी पहिलीच्या पुस्तकातून तेलुगू अक्षरं शिकून राह्यली. तोवर यांना गणित घालतो, गणित तर सगळ्यांचं एकच. चौथीची वीस गणितं पाठव, सोपी दहा, मधली सहा, कठीण चार. तुह्या हातची.'

पत्र आलं तेव्हा बोर्डाच्या परीक्षा चालू होत्या. मग पेपर तपासणी, मग जनगणनेसारखंच काहीतरी सरकारी काम. वीस गणितं, एका दुपारचं काम. मी ती चार महिन्यांनी पाठवली. उत्तर आलं नाही. पुढच्या पावसाळ्यात भाऊ वारले, आपाची धाकटी भावंडं नागपूरला राहायला गेली आणि इन्स्टिट्यूटचं दार बंद झालं. तिथून नवा पत्ता मिळायची वाटही गेली.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी मला सिरोंच्याला पाठवलं. काम सकाळीच आटपलं, परतीची बस दुसऱ्या दिवशी. जुनं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी घाटावर गेले आणि होडीत बसले. होडीत सगळे तेलुगू बोलत होते. पलीकडे उतरून मी पत्ता दाखवत दाखवत गेले. दुकान सापडलं. पण तिथे आता शिलाईचं दुकान होतं. शिवणाऱ्या बाईला तोडकं हिंदी येत होतं. "चले गये," ती म्हणाली. "दो साल. शहर." कुठल्या शहरात ते तिला माहीत नव्हतं. मी विचारलं, पोरं येऊन बसायची का इथे? ती हसली, हाताने दाखवलं, इतकी, आणि ओट्यावरची जागा दाखवली. मी तिथे थोडा वेळ बसले. ओट्यावर ऊन होतं. समोरून दप्तरवाल्या मुली चालल्या होत्या, त्यातल्या एकीला माझ्याकडे बघून काहीतरी विचारायचं होतं, पण आमची भाषा जुळली नाही.

निघताना मी त्या बाईला माझं नाव आणि पत्ता एका कागदावर लिहून दिला. आधी मराठीत, मग खाली इंग्रजीत. कोणी आलं तर द्या म्हटलं. तिने तो मशीनच्या खणात ठेवला.

त्यानंतर माझ्या दोन बदल्या झाल्या. नव्या गावी गेले की सामान लावायच्या आधी मी जुन्या गावच्या पोस्टात जाऊन नवा पत्ता देऊन येते.